अमेरिकेची हवाई टपालसेवा आणि तिचे पहिले वैमानिक

18 फेब्रुवारी 1911 रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे 6,500 पत्रे विमानाने नेली आणि जगातील पहिल्या अधिकृत हवाई टपालाचा मान भारताला मिळाला. ते मात्र एका प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेले काही मिनिटांचे उड्डाण होते. हवामान कसेही असो, ठरल्या वेळी टपाल निघालेच पाहिजे, हा भार वैमानिकांवर खऱ्या अर्थाने पडला तो अमेरिकेत. तिथल्या वैमानिकांच्या मृत्यूंचे कारण त्यांच्या धाडसी स्वभावात नव्हे, तर या वेळापत्रकात शोधावे लागते.

वॉशिंग्टन-फिलाडेल्फिया-न्यूयॉर्क सेवा 15 मे 1918 रोजी लष्करी वैमानिकांनी सुरू केली आणि ऑगस्टमध्ये ती टपाल खात्याकडे आली. पहिल्याच दिवशी लेफ्टनंट जॉर्ज बॉयल दिशा चुकून मेरीलँडमधील एका शेतात उतरले. होकायंत्र बेभरवशाचे होते, रेडिओ नव्हता. रेल्वेचे रूळ आणि नद्या पाहत वाट काढावी लागे. ढग उतरले की विमानही खाली आणावे लागे, आणि पूर्व अमेरिकेतील ॲलेगेनीच्या डोंगररांगांत त्याचा शेवट अनेकदा कड्यावर आदळण्यात होई. युद्धातून उरलेल्या डी हॅविलँड डीएच-4 विमानात वैमानिक इंजिन आणि इंधनाची टाकी यांच्यामध्ये बसे, त्यामुळे साध्या अपघातातही तो चिरडला जाण्याची भीती असे. पुढे टपाल खात्याने त्याची जागा मागे हलवली आणि पुढे टपालाच्या थैल्या ठेवल्या.

जुलै 1919 मध्ये दाट धुक्यात उड्डाणास नकार देणाऱ्या दोघांना ऑटो प्रेगर या अधिकाऱ्याने कामावरून काढले, तेव्हा उरलेल्यांनी संप केला. त्यानंतर हवामानाचा निर्णय वॉशिंग्टनच्या कचेरीऐवजी मैदानावरील व्यवस्थापकाकडे आला. हा संप मला त्या काळातील कोणत्याही विक्रमापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

विक्रमही झाले. फेब्रुवारी 1921 मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क टपाल रात्रीही उडवून नेण्याचा प्रयोग झाला, त्यात नेव्हाडातील एल्कोजवळ विल्यम लुईस यांचा बळी गेला. नॉर्थ प्लॅटहून निघालेले जॅक नाइट ओमाहाला पोहोचले, तर तिथे पुढचा वैमानिक आलेलाच नव्हता. तेव्हा कधीही न उडालेला शिकागोपर्यंतचा मार्ग त्यांनी रस्त्यांच्या नकाशावरून, बर्फाळ रात्री पार केला. टपाल 33 तास 20 मिनिटांत पोहोचले आणि सेवा बंद करण्याच्या विचारात असलेल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तिला निधी दिला. त्यातूनच पुढे शिकागो-शायेन मार्गावर वैमानिकांना वाट दाखवणारे फिरते दीप उभे राहिले आणि 1 जुलै 1924 पासून रात्रीचे टपाल नियमित झाले.

1925 च्या कायद्याने हे काम खासगी कंपन्यांकडे जाऊ लागले. तोपर्यंत तीसहून अधिक वैमानिक मृत्युमुखी पडले होते. दीपांनी अंधारावर मात केली, धुक्यावर नाही: 1926 मध्ये सेंट लुईस-शिकागो मार्गावर चार्ल्स लिंडबर्ग यांना खराब हवेत इंधन संपल्याने दोनदा पॅराशूटने उडी घ्यावी लागली. केवळ उपकरणांच्या आधारे, झाकलेल्या कॉकपिटमधून विमान उडवून उतरवणे जेम्स डूलिटल यांना 24 सप्टेंबर 1929 रोजी जमले.