पैलूंची काच, साच्याची काच आणि यजमानाची ऐपत

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील सुखवस्तू घरी जेवायला गेलेल्या पाहुण्याला यजमानाची ऐपत पहिला घास घेण्याआधीच, टेबलावर मांडलेल्या काचेवरून कळत असे. प्रतिष्ठेची काच म्हणजे पैलू पाडलेली शिशाची काच. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली अशा नव्या काचेचे पेटंट घेतले होते. काचेच्या मिश्रणात शिशाचे ऑक्साइड भरपूर घातले की काच जड आणि कापायला मऊ होते. शिवाय साध्या काचेपेक्षा ती प्रकाशकिरण अधिक वाकवते आणि त्यातले रंगही अधिक फाकवते. त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात तिच्या पैलूंमधून इंद्रधनुषी ठिणग्या उडाल्याचा भास होतो.

हे पैलू पाडणे मात्र वेळखाऊ होते. कारागीर जाड भांडे फिरत्या लोखंडी चाकावर दाबून धरी आणि वरून वाळूमिश्रित पाणी ठिबकत राही. मग बारीक दगडाच्या चाकावर खाच गुळगुळीत करायची आणि शेवटी लाकडी चाकावर पॉलिशची पूड लावून तिला चमक आणायची. शेवटच्या टप्प्यात हात चुकला, तर आधीची सगळी मजुरी वाया. ब्रिटनमध्ये १८४५ पर्यंत काचेवर वजनानुसार कर होता, म्हणजे खोल कोरीव कामासाठी लागणारा जाडपणाही खिशाला जड जाई.

या मक्तेदारीला धक्का दिला तो अमेरिकेतील साच्यांनी. १८२० च्या दशकात तेथे वितळलेल्या काचेचा गोळा धातूच्या साच्यात टाकून वरून दट्ट्याने दाबण्याची पद्धत रुजली. मॅसॅच्युसेट्समधील सँडविच गावचा १८२५ चा कारखाना तिच्यासाठी विशेष ओळखला जातो. तापलेली काच थंड धातूला टेकताच तिचा पृष्ठभाग निस्तेज आणि सुरकुतलेला होई. त्यावर साचे घडवणाऱ्यांनी नामी तोड काढली: सगळी पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी भरून टाकायची, म्हणजे सुरकुत्याही लपतात आणि उजेडही लुकलुकतो. आज संग्राहक लेससारख्या ज्या नक्षीवर भाळतात, तिच्यामागे ही झाकपाकही आहे! पुढे १८६४ मध्ये व्हीलिंग या अमेरिकी शहरात विल्यम लेटनने सोडा आणि चुन्याच्या काचेचे सुधारित मिश्रण सिद्ध केले. महागडे शिसे गेले, भांडी हलकी आणि स्वस्त झाली, आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर श्रीमंती नक्षी अवतरली.

श्रीमंतांनी याला उत्तर दिले ते अधिक खोल आणि गुंतागुंतीच्या पैलूंनी. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर अमेरिकेत अशा लखलखीत काचेची मोठी लाट आली. जाणकार पाहुण्याला मात्र नुसत्या नजरेवर विसंबण्याची गरज नव्हती. खऱ्या पैलूची धार बोटाला तीक्ष्ण लागते, तर साच्यातल्या नक्षीच्या कडा बोथट असतात आणि बरेचदा सांध्याची बारीक रेघही सापडते.

सेलरीची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. ही भाजी कोवळी आणि पांढरी राहावी म्हणून देठांभोवती माती चढवत राहावे लागे. एवढ्या मेहनतीची भाजी ताटात आडवी कोण ठेवणार? म्हणून ती उंच काचपात्रात, फुलांसारखी उभी, टेबलाच्या मधोमध दिमाखात मांडली जाई. साच्याच्या कारखान्यांनी अशी पात्रे असंख्य नक्ष्यांत काढली. शतकाच्या अखेरीस सेलरी बाजारात सर्रास मिळू लागली, तेव्हा तिची रवानगी लांबट, सपाट बशीत झाली.