फोटो ७२ डीपीआय केला म्हणून वेबसाइट पळत नाही

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत दुकानाची वेबसाइट करून घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो: फोटो ७२ डीपीआयमध्ये टाका, साइट पळेल, गुगलवर वर याल. ते खरं नाही.

डीपीआय म्हणजे कागदावर एका इंचात किती ठिपके छापायचे, हे सांगणारा फाइलमधला निव्वळ एक आकडा, छपाईपुरता. पैठणीच्या पदराचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने साधारण १३ इंच रुंद छापला जाईल, ७२ने ५६ इंच. ब्राउझर तिकडे बघतही नाही. पिक्सेल तेवढेच, वजनही तेवढंच. ७२चं मूळ १९८४च्या ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यात आहे.

मग आकडा बदलल्यावर फाइल हलकी होते ती कशी? फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’वर, म्हणजे पिक्सेलची संख्याच बदलण्याच्या पर्यायावर, टिक असते. ३००चे ७२ करताच रुंदी ४०००वरून ९६० पिक्सेलवर येते. वजन घटतं ते पिक्सेल गेल्यामुळे, आणि त्यासोबत पदरावरच्या मोराची बारीक वीणही जाते.

म्हणून थेट पिक्सेल ठरवा. मोबाइलवर पूर्ण रुंदीच्या फोटोला १२०० पुरतात. वेबपी या वेबसाठीच्या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये ७५-८० क्वालिटीवर सेव्ह करा. फोटोत जरीच्या कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर क्वालिटी थोडी वाढवा. कोडमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो येताना मजकूर खाली उडी मारतो. वरच्या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (स्क्रोल करत जवळ आल्यावरच फोटो उतरवणं) नको, तो उलट उशिरा दिसतो. ऑल्ट मजकुरात, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणाऱ्या कोडमधल्या ओळीत, ‘जांभळी पैठणी, मोराचा पदर’ एवढंच. तिथे ‘स्वस्त पैठणी, बेस्ट पैठणी’ची माळ लावणं गुगल स्पॅममध्ये धरतं.