एकराच्या मागचा ४०४६.८५६४२२४

एका एकरात ४०४६.८५६४२२४ चौरस मीटर असतात. दशांशचिन्हापुढचे सात अंक पाहिले की वाटते, याला आणखी शेपूट असणार आणि कुणीतरी ते छाटले आहे. पण आकडा तिथेच संपतो. यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. त्याचा वर्ग ०.८३६१२७३६, त्याला ४८४० ने गुणले की नेमके हेच उत्तर येते. यातले ४८४० नांगराने दिले आणि ०.९१४४ एका कराराने.

आधी नांगराचे. जुन्या इंग्लंडमध्ये एकर म्हणजे बैलांच्या औताने दिवसभरात नांगरून होईल एवढी जमीन. जड नांगर वळवणे जिकिरीचे, त्यामुळे वळणे कमी यावीत म्हणून पट्टा लांबट आणि अरुंद ठेवत. फर्लाँग या शब्दाचा मूळ अर्थच ‘तासाची लांबी’, म्हणजे नांगराच्या एका तासाची. घड्याळाशी त्याचा संबंध नाही. पट्टा ४० रॉड लांब, ४ रॉड रुंद, आणि रॉड साडेपाच यार्डांचा. म्हणजे २२० गुणिले २२, झाले ४८४० चौरस यार्ड. आयर्लंडमध्ये मात्र हाच रॉड ७ यार्डांचा होता, त्यामुळे तिथला एकर ७८४० चौरस यार्डांचा भरे. नाव तेच, जमीन दीडपटीहून जास्त.

साडेपाचाच्या पटीत हिशेब करणे म्हणजे डोक्याला ताप. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने त्यावर सुरेख तोड काढली. ६६ फुटांची साखळी, तिच्यात १०० कड्या, आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर. शेत ७ साखळ्या ५० कड्या लांब आणि ४ साखळ्या २० कड्या रुंद असेल, तर ७.५ गुणिले ४.२, म्हणजे ३१.५ चौरस साखळ्या. दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवा, ३.१५ एकर. दशमान पद्धतीचे श्रेय सगळे फ्रान्सला देतात, पण इंग्रज मोजणीदारांच्या हातात ती दीडशेहून अधिक वर्षे आधीच खुळखुळत होती.

फ्रान्सची अडचण वेगळी होती: गावागणिक माप बदलत असे. क्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर आला आणि त्याच्याबरोबर जमिनीसाठी ‘आर’, म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस. असे शंभर आर म्हणजे हेक्टर. मीटरची लांबी पृथ्वीच्या रेखावृत्तावरून ठरवायची होती, म्हणून देलाँब्र आणि मेशँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी उत्तर फ्रान्समधले डंकर्क ते स्पेनमधले बार्सिलोना हे अंतर काही वर्षे खपून मोजले.

आता एकीकडे बैलाचे माप, दुसरीकडे पृथ्वीचे. दोन्हींची सांगड घालायची तर प्रयोगशाळेत यार्डाची पट्टी मीटरच्या पट्टीशी ताडून पाहावी लागे. अमेरिकेने १८९३ मध्ये यार्ड म्हणजे ३६००/३९३७ मीटर असे ठरवून टाकले, तर ब्रिटनचा यार्ड स्वतःच्या काशाच्या पट्टीला धरून राहिला. दोघांचे फूट किंचित वेगळे झाले. अखेर १९५९ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी ०.९१४४ वर सहमती केली. तेव्हापासून चौरस फूट बरोबर ०.०९२९०३०४ चौरस मीटर आहे. (लांबीचा ०.३०४८ हा गुणक क्षेत्रफळाला तसाच लावणारे पुष्कळ भेटतात. १०० चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर, ३०.४८ नव्हे. गुणकाचाही वर्ग करावा लागतो.)

अमेरिकी भूमापकांनी मात्र जुना फूट सोडला नाही. ‘सर्व्हे फूट’ या नावाने तो चालू राहिला. फरक दहा लाखांत दोनचा, वर्ग केल्यावर चारचा. एकरामागे सुमारे १६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी जमीन. त्यासाठी कोणी भांडणार नाही. पण नकाशातले निर्देशांक २० लाख फुटांच्या घरात असले आणि कोणता फूट धरला हे लिहायचे राहिले, तर बिंदू चार फूट सरकतो. २०२२ च्या अखेरीस हा फूट अधिकृतपणे बाद झाला. जुन्या नकाशांत आणि खरेदीखतांत तो अजून आहेच.