हबलची रद्द झालेली आणि परत मिळालेली दुरुस्ती

अंतराळातली हबल दुर्बीण जून २०२४ पासून एकाच जायरोवर, म्हणजे तिचं वळणं मोजणाऱ्या उपकरणावर, काम करते आहे. दुसरा एक जायरो धडधाकट आहे, पण तो बंद करून राखून ठेवलाय. सहांतल्या उरलेल्या चारांपैकी तीन २०१८ पर्यंत निकामी झाले आणि चौथा चुकीचे आकडे द्यायला लागला म्हणून बाजूला ठेवावा लागला. अशी बातमी आली की हमखास विचारलं जातं, मग नवे का बसवत नाहीत? पूर्वी बसवले होतेच की. या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर २००४ सालच्या एका निर्णयापाशी जावं लागतं, कारण आज वर फिरणारे जायरो त्या निर्णयावर झालेल्या भांडणातूनच तिथे पोचले.

मुळात जायरो हा झिजणारा भाग आहे, गाडीच्या ब्रेक लायनरसारखा. दुर्बीण कुठल्या दिशेला, किती वेगाने वळते आहे हे तो मोजतो. आतलं चाक मिनिटाला १९,२०० फेरे घेतं. ते चाक एका बंद डबीत, ती डबी दाट द्रवात तरंगणारी आणि आत वीज नेणाऱ्या तारा माणसाच्या केसाहून बारीक. तो द्रवच या तारांना हळूहळू खातो. एक दिवस तार तुटते आणि जायरो संपतो. नेहमीच्या पद्धतीने काम करायला तीन जायरो लागतात आणि बसवलेले सहा असतात. म्हणजे अधूनमधून कुणीतरी वर जाऊन ते बदलायचे, हे पहिल्यापासूनच गृहीत होतं.

अंतराळात दुर्बीण ठेवण्याची कल्पना १९४६ ची, पैसे मंजूर झाले १९७७ मध्ये आणि उड्डाण २४ एप्रिल १९९० ला. मधल्या काळात एक योजना अशीही होती की दर काही वर्षांनी दुर्बीण स्पेस शटल या परत येणाऱ्या यानात घालून जमिनीवर आणायची, साफसूफ करायची आणि पुन्हा वर सोडायची. आरशावर धूळ बसेल, परतीच्या प्रवासात सांगाड्यावर ताण येईल, म्हणून ती १९८० च्या दशकातच सोडून दिली आणि सगळी कामं वरच करायची ठरली. म्हणून हबलच्या अंगावर जागोजागी पिवळ्या रंगाचे धरायचे दांडे आहेत आणि उपकरणं कपाटातल्या खणांसारखी बाहेर ओढता येतात. आरशाच्या आकारातल्या चुकीची आणि ती सुधारायला १९९३ मध्ये बसवलेल्या ‘चष्म्या’ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथे सांगत नाही.

एक शब्द मात्र उलगडायलाच हवा. या मोहिमांचं अधिकृत नाव ‘सर्व्हिसिंग मिशन’. आपण गाडी सर्व्हिसिंगला टाकतो ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामांसाठी, आणि रिपेअरला टाकतो ती बिघडली म्हणून. हबलच्या कागदपत्रांत हा फरक पुसला गेला. तिसरी सर्व्हिसिंग ठरलेली होती, पण त्याआधीच जायरो पटापट बंद पडू लागले, म्हणून तिचे दोन तुकडे केले. ‘३-अ’ डिसेंबर १९९९ मध्ये घाईने गेली. तिच्या महिनाभर आधीच, १३ नोव्हेंबरला, चौथा जायरो बंद पडून दुर्बिणीने डोळे मिटले होते. ‘३-ब’ मार्च २००२ मध्ये गेली. त्यामुळे क्रमांक ४ ची मोहीम प्रत्यक्षात पाचवी भेट. आकड्यांचा हा घोळ अजूनही लेखांमधून चालत आलेला दिसतो. कुणी चार भेटी लिहितं, कुणी पाच. माणसं पाच वेळा गेली, हेच खरं. घोळापेक्षा शब्दाने केलेलं नुकसान मोठं आहे. ‘सर्व्हिसिंग’ म्हटलं की पुढे ढकलता येण्यासारखं काम वाटतं. २००४ मध्ये नेमकं तेच झालं.

१ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना कोसळलं. आतले सातही जण गेले आणि त्यांत हरयाणातल्या कर्नालची लेक कल्पना चावलाही होती. अकरा महिन्यांपूर्वी हेच यान ३-ब मोहिमेसाठी हबलपर्यंत जाऊन आलं होतं. ऑगस्ट २००३ मध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. यानाच्या उष्णतारोधक कवचाची वर असतानाच तपासणी आणि दुरुस्ती करता यायला हवी, अशी त्यात शिफारस होती. अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या उड्डाणांसाठी ती होती. हबलकडे जाऊ नका, असं मंडळाने कुठेही म्हटलं नव्हतं.

१६ जानेवारी २००४ ला अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी पाचवी भेट रद्द केली. कारण दिलं सुरक्षिततेचं. ते पोकळ नव्हतं. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेली, हबलची साडेअठ्ठावीस. एका कक्षेतून दुसरीत उडी मारण्याइतकं इंधन यानात नसतं. हबलपाशी कवचाला भोक पडलेलं आढळलं, तर स्थानकात आसरा घेता येणार नाही आणि सात माणसं अडकतील. एका वर्षापूर्वी सात शवपेट्या पाहिलेल्या माणसाने असा विचार करणं मला समजतं.

तरीही तो निर्णय चुकीचा होता असं माझं मत आहे, आणि ते निकालाकडे बघून बनलेलं नाही. निर्णय आला तो चंद्र आणि मंगळाचा नवा कार्यक्रम जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी. नवी उपकरणं बरीचशी तयार होऊन पडली होती. धोका किती वाढतो याचा हिशोब लोकांसमोर मांडलाच गेला नव्हता. खगोलशास्त्रज्ञ, कायदेमंडळातले सदस्य, शाळेतली मुलं, सगळीकडून ओरड झाली. मग माणसांऐवजी यंत्रमानव पाठवू असा पर्याय पुढे आला. डिसेंबर २००४ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञ समितीने तोही बाजूला सारला. यंत्रमानवाला हे काम वेळेत जमण्याची शक्यता कमी, माणसंच पाठवा, असं तिने सांगितलं. शिवाय स्थानकाकडे जाणारं एक उड्डाण आणि हबलकडे जाणारं एक उड्डाण यांच्या धोक्यातला फरक फार लहान आहे, असंही तिने नोंदवलं. पहिल्याच दिवशी हवा होता तो हिशोब असा अकरा महिन्यांनी हाती आला.

हे चाललेलं असताना वरचं यंत्र थांबून राहणारं नव्हतं. ऑगस्ट २००४ मध्ये वर्णपटलेखक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून नोंदवणारं उपकरण, बंद पडला. ऑगस्ट २००५ अखेर जायरो वाचवण्यासाठी दुर्बीण मुद्दाम दोनवर आणली. २००५ मध्ये संस्थेला नवे प्रमुख मिळाले, यानं पुन्हा उडू लागली आणि ३१ ऑक्टोबर २००६ ला मोहीम परत मंजूर झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी मुख्य कॅमेऱ्याची वीज गेली. म्हणजे अडीच-तीन वर्षांच्या वादाने कामाची यादीच बदलली. दोन नवी उपकरणं बसवायची होतीच, आता दोन मेलेली उपकरणं जागेवर उघडून जिवंत करायची होती. अंतराळात कधी उघडायची अशा हिशोबाने ती बनवलेलीच नव्हती.

शेवटी ११ मे २००९ ला अटलांटिस निघालं, तेव्हा दुसऱ्या तळावर एंडेव्हर सज्ज उभं होतं, अडकलेल्यांना आणायला. १७ मे ला वर्णपटलेखकाचं झाकण काढायचं होतं. त्याला १११ बारीक स्क्रू. एकही सुटून आत गेला तर घात, म्हणून प्रत्येक स्क्रू जागीच पकडून ठेवणारी पारदर्शक पाटी खास बनवलेली. पण ती पाटी लावण्याआधी झाकणावरचा एक दांडा हटवायचा होता आणि त्याच्या बोल्टचं डोकं घासलं गेलं. अवजार नुसतंच फिरायला लागलं. जमिनीवरच्या लोकांनी सुट्या नमुन्यावर किती जोर लागेल ते मोजलं आणि वर कळवलं, हाताने ओढून तोड. सुटे तुकडे उडू नयेत म्हणून टेप लावून अंतराळवीराने दांडा ओढला, तो तुटून हातात आला. मग १११ स्क्रू, मग आतलं एक सर्किट कार्ड बदलणं. त्या दिवसाचा स्पेसवॉक आठ तासांवर गेला.

त्याच मोहिमेत सहाच्या सहा जायरो बदलले. त्यांतल्या तिघांना सुधारित तारा होत्या. जुन्या तारांचे तीन २०१४ ते २०१८ मध्ये गेले आणि मागे उरले ते सुधारित तारांचेच. उपकरणांचा डेटा जुळवणारा संगणकही तेव्हाच नवा बसला, कारण आधीच्याची एक बाजू २७ सप्टेंबर २००८ ला, ठरलेल्या उड्डाणाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, बंद पडली होती आणि सुटा संच तयार करायला मोहीम सात महिने थांबली. उड्डाण वेळेवर झालं असतं तर तो बिघाड शेवटची भेट संपल्यावर झाला असता. या नव्या संचाने जून २०२१ मध्ये महिनाभर दम काढायला लावला, पण राखीव बाजूवर जाऊन काम सुरू झालं.

२०११ मध्ये यानं निवृत्त झाली आणि वर जायची सोयच संपली. हबलला स्वतःचं इंजिन नाही, धुराने आरसा खराब होऊ नये म्हणून ते दिलेलंच नाही. विरळ हवेच्या घर्षणाने ती हळूहळू खाली येते. सुरुवातीला साधारण ६१५ किलोमीटरवर होती, २०२४ मध्ये ५२० च्या आसपास. २०२२ मध्ये एका खासगी कंपनीबरोबर तिला वर ढकलता येईल का याचा अभ्यास सुरू झाला. जून २०२४ मध्ये संस्थेने सध्या तसं न करण्याचं ठरवलं, दुर्बिणीलाच इजा होण्याची भीती आहे म्हणून. एका जायरोवर ती नव्या लक्ष्याकडे वळायला जास्त वेळ घेते आणि मंगळापेक्षा जवळच्या वस्तूंचा पाठलाग करू शकत नाही. बाकी बहुतेक काम चालू आहे.

२००९ मध्ये निघताना अंतराळवीरांनी तिच्या तळाला एक कडं बसवलं. पुढे एखाद्या यानाला तिथे जोडून घेता यावं आणि शेवटी तिला सुरक्षितपणे खाली आणता यावं म्हणून. त्या कड्याला अजून कुणी हात लावलेला नाही.