म्हादईचं पाणी समुद्रात ‘वाया’ जात नाही

कळसा-भांडुराचा, म्हणजे म्हादई नदीचं पाणी कर्नाटकातल्या मलप्रभेत वळवण्याच्या प्रकल्पाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: गोव्यात म्हादईचं पाणी नुसतं समुद्राला मिळून वाया जातं, मग थोडं वळवलं तर बिघडलं कुठे? हे साफ चुकीचं आहे.

मांडवीत (म्हादईचंच गोव्यातलं नाव) भरतीचं खारं पाणी खूप आतपर्यंत चढतं. त्याला मागे रेटतं ते वरून येणारं गोडं पाणी. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, पण मातीत मुरलेलं मीठ ती धुऊन काढू शकत नाहीत. ते काम पावसाळ्यातल्या गोड्या पाण्याचं. खारेपण सोसणारं कोरगुट भातसुद्धा त्याशिवाय रुजत नाही. तिसऱ्या, मासळी, खारफुटी यांनाही हेच गोडं-खारं मिश्रण लागतं.

पाणी भरपूर आहे, हेही अर्धसत्यच. बहुतेक सगळं चार महिन्यांत वाहून जातं; खरी ओढाताण मार्च ते मे महिन्यांतली.

या पाण्याच्या वाटपासाठी नेमलेल्या लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. तरी वाद न्यायालयात आहेच. तो चिघळला की कर्नाटकात, प्रकल्पाच्या जागी कणकुंबीत पोलीस बंदोबस्त लागतो, आंदोलनं होतात, बस थांबतात. गोव्याची भाजी बेळगावहून येते आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना मराठी घरं, सोयरीकही आहे. नदीवरचा ताण सीमेवरच्या शांततेला असा थेट भिडतो. तो निव्वळ पर्यावरणवाद्यांचा विषय नाही.