"वाचलेलं १० टक्केच लक्षात राहतं" हे एडगर डेल यांनी सांगितलेलंच नाही

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परत तीच स्लाईड आली, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, स्वतः केलेलं ९० आणि खाली नाव अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं. बीएड, डीएड केलेल्या सगळ्यांनी हा अनुभव शंकू (शिकण्याचे अनुभव शंकूच्या आकारात मांडणारी डेल यांची आकृती) पेपरात काढलाय, मीही काढलाय.

तर खुलासा असा की डेल यांनी १९४६ साली शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. खाली प्रत्यक्ष अनुभव, वर शब्द, एवढंच, आणि हे फार काटेकोर घेऊ नका असंही त्यांनीच बजावलं होतं. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. याच्याच पिरॅमिडवाल्या आवृत्तीला अमेरिकेतल्या एनटीएल (नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज) या प्रशिक्षण संस्थेचं नाव देतात, पण मूळ संशोधन त्यांच्याकडेही सापडत नाही. आणि जरा विचार करा ना, काय वाचलं, कोणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं हे काहीच न सांगता सगळे आकडे बरोब्बर दहाच्या पटीत कसे येतील?

मला वाईट याचं वाटतं की ही स्लाईड बघून माझ्या ओळखीच्या एका मॅडमनी चौथीचं रोजचं प्रकट वाचन कमी करून टाकलं.

नवीन शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हटलंय. ते तास स्लाईडवर घालवण्यापेक्षा दोघातिघांनी एकमेकांच्या वर्गात बसावं, हातच्याची वजाबाकी मुलं नेमकी कुठे चुकतात ते वह्या उघडून बघावं आणि पुढच्या महिन्यात परत त्यावरच बोलावं.