सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजीत सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ साली ध्वनिमुद्रित केलेला इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताचा अल्बम. नावाचा सरळ अर्थ ‘डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग’ असा होतो आणि तबकडीवरही तेवढेच आहे : दहा राग, तीन जपानी यंत्रे आणि एकच वादक. गायक नाही, तबला नाही, तानपुराही नाही. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ‘एचएमव्ही’ या छापाखाली काढलेली ही तबकडी तेव्हा फारशी खपली नाही आणि पुढची वीस वर्षे विस्मरणात गेली. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीत-प्रकाराचा उगम शिकागोत नव्हे तर मुंबईत झाला की काय, असा वाद जगभर रंगला. त्या वादाच्या धुरळ्यात खुद्द संगीताकडे कमी लक्ष गेले, म्हणून या नोंदीत संगीताला अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी : चरणजीत सिंग यांचा जन्म माटुंग्याचा. साठच्या दशकापासून ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा हात होता. हवाईयन गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे विजेवर चालणारे अकॉर्डियनसारखे वाद्य आणि पुढे विजेच्या साहाय्याने आवाज घडवणारा सिंथेसायझर, असे जे नवे वाद्य येईल ते शिकून घेणाऱ्यांपैकी ते होते. ‘दम मारो दम’मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचाच. मुंबईच्या सिनेसंगीतात अशा वादकांची मोठी फळी होती. सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या, समोर ठेवलेले नोटेशन पाहून एक-दोन तालमींत ‘टेक’ द्यायचा आणि निघायचे. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे येत, वादकांची सहसा येत नसत. याशिवाय सिंग यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. तो लग्नसमारंभांत वाजवी. चित्रपटगीतांच्या धुना वाजवलेल्या त्यांच्या तबकड्याही एचएमव्हीने काढल्या होत्या.

सिंथेसायझर त्या वेळी भारतात अगदीच नवखा नव्हता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता आणि तिथे काही वर्षे प्रयोगही झाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजवणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते. पण हे प्रयोग एक तर संस्थेच्या चार भिंतींत राहिले, नाही तर गाण्यातल्या चार-सहा सेकंदांच्या तुकड्यापुरते उरले. अख्खी तबकडी केवळ सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर, तीही रागांची आणि तीही नाचायच्या लयीत, ही कल्पना वेगळीच होती.

तिला निमित्त डिस्कोचे मिळाले. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ चित्रपटातले नाझिया हसन यांनी गायलेले ‘आप जैसा कोई’ गाजले. १९८२ च्या अखेरीस बप्पी लाहिरी यांच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’ आला. त्या दोन वर्षांत स्टुडिओत वाजवणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर डिस्कोच पडत असणार. चरणजीत सिंग यांनी पुढे मुलाखतींत सांगितले, त्याचा आशय असा : सिनेमात सगळीकडे डिस्को चाललाच आहे, तर त्याच ठेक्यावर आपले राग वाजवून पाहू आणि तबला बाजूला ठेवू. मनात आले आणि करून पाहिले, इतके ते साधे होते.

यंत्रे : तिन्ही यंत्रे जपानच्या रोलँड कंपनीची. टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली बाजारात आले. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा भारी किमतीचा सिंथेसायझर १९८१ चा. तिसरे टीबी-३०३ हे पुस्तकाएवढे चंदेरी खोके त्याच वर्षाच्या अखेरीचे. आयात निर्बंधांच्या त्या काळात परदेशी वाद्य म्हणजे बाहेरून स्वतः घेऊन यायची वस्तू. सिंग यांनी हे खोके सिंगापूरहून आणले होते.

या टीबी-३०३ भोवतीच पुढची सगळी कहाणी फिरते, म्हणून ते चालते कसे हे पाहायला हवे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून ते बनवले होते. त्यावर जेमतेम एका सप्तकाच्या बटणवजा पट्ट्या असतात. वादक त्यावर थेट वाजवत नाही. आधी स्वर कोणते ते क्रमाने भरायचे, मग वेगळ्या फेरीत त्यांचा काळ भरायचा, नंतर कुठल्या स्वरावर जोर द्यायचा आणि कुठला स्वर पुढच्यावर घसरवत न्यायचा तेही सांगायचे. सोळा घरांची ओळ तयार झाली की यंत्र ती न थकता फिरवत राहते. बेस गिटारची नक्कल म्हणून ते अगदीच फसले. आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता आणि घरे भरणे किचकट होते. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले.

पण बेस गिटारवादकाला जे खटकले तेच रागदारीच्या कानाला ओळखीचे वाटावे असे आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे म्हणजे मींडेची कच्ची, यांत्रिक सावली. तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरत राहणे आपल्याला लेहऱ्यामुळे माहीत आहे. तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा पेटीवर जी एकच धून आवर्तनामागून आवर्तन धरलेली असते, तोच तो लेहरा. आणि सोळा घरे, चार-चारांचे चार गट, ही तर त्रितालाचीच मांडणी. फरक आहे तो खालीचा. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते, ठेक्यातला भार उतरतो आणि समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, ओढ लागते. डिस्कोच्या ठेक्यात चारही ठोके सारख्याच जोराचे. त्यामुळे या तबकडीत समेवर येण्याचा आनंद मिळत नाही. त्याऐवजी मिळते ती अखंड, सरळ धावणारी लय. राग ऐकण्याची सवय असलेल्याला ही उणीव पहिल्या पाच मिनिटांत जाणवते, आणि ती मान्य करूनच पुढचे ऐकावे लागते.

ध्वनिमुद्रण : यंत्रांची सांगड घालायला सिंग यांना घरी बराच वेळ द्यावा लागला. टीआर-८०८ ची लय टीबी-३०३ ला तारेने जोडता येत होती. ज्युपिटर-८ मध्ये दाबलेले स्वर एकामागोमाग आपोआप वाजवण्याची सोय होती आणि तिलाही बाहेरून लयीचा इशारा देता येत असे. तिन्ही एकाच चालीने चालू लागली की वादकाचे हात मोकळे होतात. खाली ठेका आणि बेसची ओळ चालू ठेवून वर पट्ट्यांवर रागविस्तार करायचा, ही पद्धत सापडल्यावर प्रत्यक्ष मुद्रण एचएमव्हीच्या स्टुडिओत दोन दिवसांत उरकले. दोन दिवसांत दहा राग हे ऐकायला अचाट वाटते, पण ज्याने उभी हयात ‘टेक’ देण्यात घालवली त्याच्या हाताला हा वेग सवयीचाच होता.

संगीत : तबकडीच्या पहिल्या बाजूला भैरव, ललत, भूपाळी, तोडी आणि मधुवंती, दुसऱ्या बाजूला मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येक राग पाच मिनिटांच्या आसपास. दुसरी बाजू सलग ऐकली तर क्रमात रागसमयाची जाण दिसते : पावसाळ्याच्या मेघानंतर संध्याकाळचा यमन, रात्रीचा कलावती, उत्तररात्रीचा मालकंस आणि शेवटी पहाटेचा बैरागी. पहिल्या बाजूला संध्याकाळची भूपाळी सकाळच्या रागांमध्ये येऊन बसली आहे, त्यामुळे हा हिशेब सगळीकडे जुळत नाही.

सुरुवात भैरवाने होते आणि त्यात यंत्राने काढलेला ‘ओम नमः शिवाय’ हा घोष येतो. भैरव हे शिवाचेच रूप. तेव्हा ही सजावट वरून चिकटवलेली नाही, वादकाने रागाच्या नावापासूनच सुरुवात केली आहे. मात्र भैरवाचा प्राण असलेला आंदोलित, म्हणजे हलकेच झुलवत लावलेला, कोमल रिषभ, किंवा तोडीतला नेहमीच्या कोमलाहूनही थोडा उतरलेला गंधार, हे ठरावीक अंतरावर बसवलेल्या पट्ट्यांतून येणे कठीण. पेटीवर आपल्याकडे शतकभर हाच आक्षेप घेतला गेला आहे आणि तो इथेही लागू पडतो. याउलट पाच स्वरांचे औडव राग यंत्राला मानवतात. भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चौघेही पाच-पाच स्वरांचे. मोजके स्वर आणि त्यांच्यामधली मोठी अंतरे यांमुळे बेसची ओळ फिरत असतानाही वरचे चलन स्पष्ट राहते. रिषभ आणि पंचम वगळलेला मालकंस खर्जातल्या त्या फिरत्या ओळीवर इतका गंभीर उभा राहतो की डिस्कोचा ठेका मागे पडतो. या तबकडीची ओळख करून घ्यायची असेल तर भैरवापेक्षा मालकंसापासून सुरुवात करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वादनाची घडण मैफलीची नाही. सावकाश आलाप, मग विलंबित, मग द्रुत अशी बढत पाच मिनिटांत शक्यच नव्हती. थोडा मोकळा आरंभ, लगेच ठेका, आणि त्यावर वेगवान सरगम व ताना असा हा प्रकार आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवर आपल्या गायकांनी राग ज्या रीतीने आटवून मांडला, तिच्याशी याचे नाते जवळचे.

स्वागत आणि विस्मरण : भैरवाचा तुकडा आकाशवाणीवरून वाजला, पण विक्री झाली नाही. कारण उघड आहे. राग ऐकणाऱ्याला ठेका नको होता, आणि नाचणाऱ्याला हवी होती गाणी, तीही सिनेमातली. रेकॉर्डच्या दुकानात ही तबकडी कुठल्या खणात ठेवायची हाही प्रश्नच पडला असावा. सिंग आपल्या कार्यक्रमांकडे वळले आणि या अल्बमचा विषय संपल्यासारखा झाला.

पुढचा धागा समुद्रापार आहे. १९८७ मध्ये शिकागोतल्या फ्युचर या गटाचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध झाले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या टीबी-३०३ ची बटणे ओळ चालू असतानाच फिरवत राहायची आणि तो चिरका, बुडबुडणारा आवाज हाच गाण्याचा नायक करायचा, ही त्या तरुणांची युक्ती. त्यातून ॲसिड हाउस जन्मले आणि ब्रिटनमार्गे जगभर पसरले. या घडामोडींचा माटुंग्याच्या त्या वादकाला पत्ता नव्हता आणि त्याचा त्यांना नव्हता.

पुनःशोध : जुन्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्या जमवणारे डच संग्राहक एडो बौमन यांना २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात ही तबकडी सापडली. ऐकून त्यांना ती १९८२ ची वाटेना. पुढे त्यांनी मुंबईत येऊन सिंग यांची भेट घेतली आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या छापाखाली ती पुन्हा काढली. युरोपात अनेकांना ही थाप वाटली. कोणा आजच्या कलाकाराने खोटे नाव घेऊन केलेली ही गंमत आहे, अशी कुजबुज झाली आणि आयरिश-ब्रिटिश संगीतकार एफेक्स ट्विन यांच्याकडेही बोट दाखवले गेले. तबकडी खरी निघाली तेव्हा मथळे दुसऱ्या टोकाला गेले : ‘ॲसिड हाउसचा जनक भारतीय!’

हा दावा टिकत नाही. १९८२–८३ मध्येच ब्रिटन आणि इटलीतल्या काही गाण्यांत टीबी-३०३ वाजलेले आहे, म्हणजे यंत्र वापरणारे सिंग एकटे नव्हते. शिवाय ॲसिड हाउस म्हणजे निव्वळ तो आवाज नव्हे. शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांचे क्लब, तिथली नाचणारी गर्दी, एकाला एक जोडून तबकड्या वाजवणारे डीजे यांतून तो प्रकार घडला. ते श्रेय त्यांचेच. एकाच यंत्राच्या पोटात दडलेली शक्यता दोन ठिकाणी दोन वेगळ्या कानांनी ओळखली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. आपल्याकडेही ‘हे आधी आम्हीच केले’ या अभिमानापोटी अल्बमचे नाव पुष्कळ घेतले जाते. त्यापेक्षा तो ऐकला जावा. वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसणारा, वेष्टनावर नाव नसलेला वादक रागाविषयी स्वतःचे काही म्हणू पाहतो आणि त्यासाठी हाताशी आलेले नवेकोरे खोके वापरतो, याचा तो दुर्मीळ पुरावा आहे.

सिंग यांना हे कौतुक हयातीत पाहायला मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात जाऊन रंगमंचावर हे राग वाजवू लागले. डच वादक योहान्झ वेस्टरमान तालयंत्रांची बाजू सांभाळत आणि सिंग पट्ट्यांवर बसत. समोर नाचणाऱ्या बहुतेकांचा जन्म तबकडी निघाल्यानंतरचा होता. ॲसिड हाउसचे जनकत्व त्यांनी कधी मिरवले नाही, आपण राग वाजवले असेच ते सांगत. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत राहत्या घरी त्यांचे निधन झाले.